शाळा कुणाची

३ नोव्हेंबर १९९९

लैलुमाच्या आईस,

पोचलो. जिवंत आहे, हातपाय जागच्या जागी आहेत. वाटेचं काही विचारू नकोस, सांगण्यासारखं त्यात काही नाही. जर्मनीत एका लहान गावाबाहेर जुन्या बराकी आहेत, तिथं आम्हाला ठेवलंय. खोलीत आम्ही चौघं. दोघं सोमाली, एक कुर्द आणि मी. कुर्द असा घोरतो की सोमाली बिचारे रात्रभर दुवा मागत बसतात.

पाकिटावर तुझ्या भावाचं नाव आणि पेशावरच्या दुकानाचा पत्ता घातलाय. लाला ते फोडणार, वाचणार आणि मग तुला देणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा लाला, सलाम. वाचून झालं असेल तर आता तिला द्या. पत्र मी सांगतोय, शेजारच्या बराकीतला आपल्याकडचा एक पोरगा लिहून घेतोय; खालची सही तेवढी माझी.

इथली रोटी विचारशील. पांढरा पाव पिशवीतून येतो, कापलेला. अंगठ्यानं दाबला की खाली बसतो तो बसतोच. दुसरा काळा असतो, विटेएवढा जड. त्यात निदान पीठ तरी आहे. काबूलमध्ये वीस वर्षं तंदुरापुढं काढलेल्या माणसाला हे खायला लागावं, घे!

गेल्या मंगळवारी कचेरीत बोलावलं होतं. आसरा मागायचा म्हणजे पहिल्यांदा सगळी हकीकत सांगावी लागते. टेबलापलीकडं साहेब, कोपऱ्यात टाइप करणारा, आणि माझ्या शेजारी दुभाषा. दुभाषा आपल्याच काबूलचा निघाला, पूर्वी धरणावर इंजिनीअर होता, आता केस पांढरे झालेत. मला 'खलिफा' म्हणाला. इतक्या महिन्यांत कुणी मला कारागिराच्या मानानं हाक मारली नव्हती.

साहेबानं विचारलं, "लग्न झालंय?"

"झालंय."

"बायकोचं नाव?"

"लैलुमाची आई," मी म्हटलं.

इंजिनीअर साहेब हळूच म्हणाले, "खलिफा, नाव विचारतोय तो."

"मग मी काय सांगितलं?"

"तसं नाही. तिचं स्वतःचं."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तर आपल्यातले. परक्या पुरुषांत बसून कुणी आपल्या घरच्यांचं नाव घेतं का? तुम्हीच समजावा त्याला." त्यांनी जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. साहेबानं खांदे उडवले, काहीतरी लिहिलं आणि पुढं सरकला.

मग म्हणाला, देश का सोडला? मी सगळं सांगितलं. दुकानामागं आमचं घर, घरात मुलींची शाळा. मुलींना शिकायला बंदी, म्हणून त्या डोक्यावर कणकेची फळी घेऊन यायच्या, तंदुरावर रोट्या भाजायला आल्यासारख्या. फळीवर पुस्तक, पुस्तकावर फडकं, फडक्यावर गोळे. अडीच वर्षं गल्लीत कुणाला संशय आला नाही. मग त्या हिवाळ्यात एक पोर बर्फावरून घसरली ती नेमकी काळ्या पगड्यांच्या गाडीसमोर. गोळे एकीकडं, भूगोलाचं पुस्तक दुसरीकडं. मला उचलून नेलं, अकरा दिवस ठेवलं, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी हमी दिली तेव्हा सोडलं, आणि आपण पेशावर गाठलं. सगळं खरं सांगितलं. फक्त "शिकवत कोण होतं?" असं विचारलं, तेव्हा छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मी."

म्हणजे बघ, तीन तास झाले तरी तुझं नाव माझ्या जिभेवर आलं नाही. तिघा परक्यांसमोर मी तुला आणलंच नाही. एवढ्यापुरती तरी माझी पाठ थोपट.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जे बोललो ते बोललो. तू सकाळी दारातसुद्धा आली नाहीस. ते मी मनात ठेवलेलं नाही. लैलुमाला सांग, बाबा पोचले. इथं कावळे आहेत, पण पतंग नाहीत.

करीमदाद


२० डिसेंबर १९९९

लैलुमाच्या आईस,

तुझं पत्र नाही. टपाल हरवलं असेल. लालांच्या दुकानात गालिच्यांच्या थप्पीखाली गेलं असेल, असं मी स्वतःला सांगतो.

रमजान चालू आहे. इथं सूर्य साडेचारलाच मावळतो. असा रोजा लहान पोरंसुद्धा हसतहसत धरतील. बराकीच्या स्वयंपाकघरात विजेची भट्टी आहे. परवा मी पत्र्याची ताटली उलटी घालून तिच्यावर नान भाजले. तंदुराची सर नाही, पण सोमाली रडले. कुर्द म्हणाला, "उस्ताद, आता तू घोरलास तरी चालेल." मी म्हटलं, घोरतोस तू, बाबा.

कचेरीचा निकाल अजून यायचाय. मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. तसं विशेष काही नाही. साहेबानं शाळेबद्दल थोडं विचारलं होतं. "पहिलीच्या मुलींना सर्वात आधी काय शिकवता?" मी म्हटलं, "हात धुवायला." तंदुरावर आलेल्या पोरांना मी तेच शिकवतो. "पुस्तकात पहिलं चित्र कशाचं?" मी म्हटलं, डाळिंबाचं. बरोबर आहे ना? मी दारातून बघायचो, तेही उलटं दिसायचं.

मग म्हणाला, "तेवीस मुली म्हणता, त्यांतल्या पाचजणींची नावं सांगा." आता लोकांच्या लेकींची नावं मी कशी घेणार? म्हटलं, न्हाव्याची मोठी, सुताराच्या दोघी, दूधवाल्याची नात, आणि ती पडली ती. साहेबानं इंजिनीअर साहेबांकडं बघितलं. इंजिनीअर साहेबांनी खिडकीकडं बघितलं.

पण एकंदरीत ठीक झालं. काळजी करू नकोस. लैलुमाचे दात हलत होते, पडले का? कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

करीमदाद


१४ फेब्रुवारी २०००

लैलुमाच्या आईस,

आलं तुझं पत्र. चार ओळी. पोराकडून इतक्यांदा वाचून घेतल्या की त्या मला आता पाठ आहेत. "लैलुमा बरी आहे. दोन दात पडले. तुम्ही कचेरीत शाळा स्वतःची म्हणून सांगितलीत, हे वाचलं. जी शाळा तुम्ही मला तीनदा बंद करायला सांगितली, तीच ना ही? तुमच्या नावावर कधी झाली?"

वा! शाबास! मी इथं परक्या मुलखात तुझ्या अब्रूवर पांघरूण घालतो आणि तू तिथून माझ्यावर दगड मारतेस. कुणासाठी केलं मी हे? हौस होती मला मास्तर व्हायची? अगं, माझी सही बघितलीस ना, 'द' काढताना अजून हात अडतो. तिथं "माझी बायको शिकवायची" म्हटलं असतं की लगेच, तिचं नाव काय, वय काय, शिक्षण काय, दिसते कशी. आणि तो कोपऱ्यातला पोरगा बसलाय टाइप करत! माझ्या वडिलांनी चाळीस वर्षांत आमच्या आईचं नाव घेतलं नाही. मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा मावशीच्या तोंडून चुकून कळलं. असल्या घरातला माणूस मी. आणखी काय करायला हवं होतं?

आणि बंद कर म्हणालो होतो, हो. पण तीनदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा मी नुसतं दार आपटलं होतं.

आता हेही सांगतो. तुझ्या शाळेनं माझा तंदूर विझवला, असं मी पेशावरला शेवटच्या संध्याकाळी म्हणालो, ते खोटं आहे का? वीस वर्षांचा तंदूर. गेला.

हे पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं. फाडणार होतो. फाडलं नाही, तसंच टाकतोय. लाला, तुम्हीही वाचा.

करीमदाद


९ एप्रिल २०००

लैलुमाच्या आईस,

मागच्या पत्रात तोंड सुटलं होतं. मनाला लावून घेऊ नकोस. घेतलंच असशील तर माझ्या पदरात पडेल तेवढं कमीच आहे.

तुझ्यापासून एक गोष्ट महिनाभर लपवली. तीन मार्चला निकाल आला. नामंजूर. इंजिनीअर साहेबांनी बराकीत येऊन वाचून दाखवला, मला खाटेवर बसवून, पाण्याचा पेला हातात देऊन.

त्यात म्हटलंय की हा माणूस तेवीस मुलींना अडीच वर्षं शिकवत होता म्हणतो, पण त्याला एका पुस्तकाचं नाव सांगता येत नाही. एका विद्यार्थिनीचं नाव सांगता येत नाही. स्वतःची सही करायला त्याला अर्धं मिनिट लागतं. तेव्हा शाळेची गोष्ट रचलेली दिसते, आणि शाळा खोटी तर अटकही खोटी. पुढचं ऐक. ह्या माणसाला स्वतःच्या बायकोचं नावही सांगता आलं नाही, लग्नाचा कागद नाही, सबब त्याचं लग्न झालं असल्याचं सिद्ध होत नाही. म्हणजे सध्या मी बिनलग्नाचा आहे. लैलुमाला एवढं सांगू नकोस.

आधी मला हसू आलं. मग कळलं की त्या एका ओळीत तुझा आणि लैलुमाचा रस्ता बंद झालाय. मला परत पाठवतील ते पाठवतील. पण समजा उद्या ठेवून घेतलं, तरी बोलावू कुणाला? कागदावर तुम्ही दोघी नाहीतच. खुद्द मीच तुम्हाला कागदावर येऊ दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत राहिलो आणि मूठ रिकामी निघाली.

कोर्टात जायला दोन आठवडे होते. मी खाटेवर पडून घालवले असते. इंजिनीअर साहेबांनी अक्षरशः कॉलरला धरून एका म्हाताऱ्या वकीलबाईंकडं नेलं. चर्चच्या कामातल्या आहेत, अशा केसचे पैसे घेत नाहीत. पाच फुटांच्या आहेत आणि आवाज मात्र बांग देणाऱ्या मुअज्जिनचा. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पावाच्या दुकानदारा, तू मास्तर नाहीस हे मला दिसतंय. खरं सांग, शिकवत कोण होतं?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी फरशीकडं बघत बसलो. म्हणाल्या, "केस दाखल करते. तारीख सहा महिन्यांनी लागेल. तोवर तुझं तोंड उघडलं तर ये. नाहीतर मी काय, पैगंबर आला तरी तुला वाचवू शकत नाही." हे शेवटचं इंजिनीअर साहेबांनी स्वतःच्या पदरचं घातलं असावं.

बाहेर जिन्यावर आम्ही बसलो. मी म्हटलं, "साहेब, माझ्याच्यानं होणार नाही."

ते म्हणाले, "खलिफा, मला इथं चौदा वर्षं झाली. माझ्या मुलाची, बहरामची आई इथल्याच दवाखान्यात वारली. कबरीच्या दगडावर काय कोरायचं म्हणून कोरणाऱ्या माणसानं विचारलं. मी म्हटलं, लिही, बहरामची आई. तिथं सगळ्या बायका आपापल्या नावानं झोपल्यात. ती एकटीच कुणाची तरी आई आहे. बहरामला आता पोरगी झालीय, ती मला विचारते, आजोबा, आजीचं नाव काय? मला सांगता येतं, पण अजून सांगितलं नाही. मी इंजिनीअर आहे म्हणे!"

मग ते उठले आणि मला बराकीपर्यंत सोडून आले.

म्हणून तुला विचारतो. कोर्टात तुझं नाव घेऊ का? तू नको म्हणालीस तर घेणार नाही आणि जे होईल ते होईल, तुला दोष देणार नाही. लाला, तुम्ही वाचताय. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. ह्या खेपेला तिला बोलू द्या.

करीमदाद


२ जुलै २०००

लैलुमाच्या आईस,

पत्र मिळालं. लालांनी वरच्या कोपऱ्यात लिहिलंय: "माझ्या बहिणीचं नाव कचेरीत घेतलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस." लाला, तुमचं दार इथून सात हजार किलोमीटरवर आहे. तरी लागलं मला. तुमच्या छपराखाली माझी दोन माणसं राहतात, तुमचं मीठ खातात, हे मी विसरलेलो नाही.

त्याच्याखाली तुझं अक्षर. "मी शाळा काढली तेव्हा कुणाची परवानगी घेतली नव्हती. आता माझी परवानगी कसली मागता? सांगायचं तर सगळं सांगा. शाळा माझी होती आणि तुम्हाला नको होती, हेही सांगा. निम्मंच खरं सांगणार असाल तर माझं नाव घेऊ नका."

बायको, तू मला अवघड जागी धरलंस. नाव घेणं म्हणजे एका शब्दाचं काम असं मी समजत होतो. आता दिसतंय की त्या शब्दामागं सगळं घरच बाहेर येणार. नको होती मला शाळा, खरं आहे. पहिल्या दिवसापासून नको होती. पोरी दारातून आत जाताना मी गल्लीच्या टोकाकडं बघत राहायचो. मी तुला म्हणायचो, बाई, आपलं दुकान बरं, आपण बरं. आणि तू म्हणायचीस, "तुम्ही रोट्या बघा, मी पोरी बघते." घरात मी मर्द आणि हुकूम तुझा. हे मी एका खुर्चीतल्या न्यायाधीशापुढं सांगायचं!

आणि आणखी एक गोष्ट आहे. ती तुलाही सांगितलेली नाही, लालांनाही नाही. सगळं सांगा म्हणतेस, म्हणजे तीही आलीच. जीभ रेटली तर तिथंच सांगेन, आणि तिथं सांगितली तर तुला लिहीन.

कोर्टाची तारीख अठरा सप्टेंबरची लागलीय. वकीलबाईंकडं गेलो होतो. म्हटलं, तोंड उघडायचा प्रयत्न करतो. त्या म्हणाल्या, "प्रयत्न कसला, जबडा हलव." बायका सगळीकडं सारख्याच.

करीमदाद


१९ सप्टेंबर २०००

लैलुमाच्या आईस,

काल झालं.

लहानशी खोली. मला वाटलं होतं कोर्ट म्हणजे मोठा दरबार असेल. न्यायाधीश बाई निघाल्या, पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या. सारखा रुमाल नाकाला. समोर बोलायचं यंत्र ठेवलेलं, आम्ही जे बोलू ते त्या स्वतःच्या शब्दांत त्यात सांगायच्या. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला इंजिनीअर साहेब.

बाईंनी विचारलं, "शिकवत कोण होतं?"

मी म्हटलं, "माझी बायको."

"नाव?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. खोटं सांगत नाही, हवा आली नुसती. इंजिनीअर साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दामच, माझी लाज राहावी म्हणून. वकीलबाईंनी टेबलाखालून पायावर पाय दिला. आणि मग आलं. मोठ्यानं आलं, तंदुरावर ओरडतो तसं. लग्नाला आठ वर्षं झाली, मी 'अगं' म्हणालोय, 'ऐकलंस का' म्हणालोय, लैलुमा झाल्यावर तिची आई म्हणालोय. तुझं नाव मी काल पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही सर्दी झालेल्या एका परक्या बाईपुढं. इंजिनीअर साहेबांना त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. बाईंनी ते अक्षर अक्षर फोडून यंत्रात सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, "शिक्षिका." इथं पत्रात लिहीत नाही. तिथं गरज होती. इथं अजून धीर होत नाही.

मग सगळं सांगितलं. तू चौथीपर्यंत शिकवायचीस, मी दारातून बघायचो. मी दोनदा बंद कर म्हणालो आणि एकदा दार आपटलं. तूच मला आकडे शिकवलेस, वर्ष संपताना मुलींना एकेक डाळिंब द्यायचीस आणि त्याचे पैसे माझ्या गल्ल्यातून घ्यायचीस. बाईंना हसू आलं, त्यांनी रुमालाआड दडवलं.

मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही पहिल्या मुलाखतीत का नाही सांगितलं? आता सांगता, त्यावर मी विश्वास का ठेवू?"

तेव्हा मी ती गोष्ट सांगितली. आता तुला सांगतो.

अकरा दिवस मला मारत होते ते पुस्तकासाठी नाही. त्यांना मास्तरणीचं नाव हवं होतं. रोज तेच. "तू नानबाई, नान भाजणारा, तुला अक्षर येत नाही. शिकवत कोण होतं? नाव सांग आणि घरी जा." तिथंही टेबल होतं, तिघं होते, एकजण लिहीत होता. मी म्हणायचो, "मीच." मग ते पुस्तक माझ्यापुढं धरायचे, वाच म्हणायचे, आणि मला वाचता यायचं नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिला वाचवलंत."

इथं गप्प बसलो असतो तर केस जिंकलोच होतो. वकीलबाईंनी मला डोळ्यांनी सांगितलं, बस. पण तू लिहिलं होतंस, निम्मं नको.

मी म्हटलं, "बाई, आठ दिवस वाचवलं. नवव्या दिवशी त्यांनी हाताची नखं धरली, तेव्हा मी सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं. तोंड उघडलं. नाव आलंच नाही, आत्ता इथं आलं नाही तसंच. सवयच नव्हती त्या शब्दाची. त्यांना वाटलं, हा हट्टी आहे. मग मी बेशुद्ध झालो. त्यानंतर दोन दिवसांनी म्हाताऱ्यांनी हमी दिली. मी तिला वाचवलं की माझ्या मुक्या जिभेनं, ते मला आजही सांगता येत नाही."

इंजिनीअर साहेबांचा आवाज हे सांगताना दोनदा थांबला. बाईंनी यंत्र बंद केलं, नाक पुसलं, पुन्हा चालू केलं.

पेशावरला त्या संध्याकाळी मी तुझ्यावर ओरडलो, तुझ्या शाळेनं माझा तंदूर विझवला म्हणालो. राग तंदुराचा नव्हता गं. घरात तू समोर यायचीस आणि मला तो नववा दिवस दिसायचा. तुझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता, म्हणून ओरडलो. म्हणून इतक्या लांब एकटा निघून आलो, सरहद्दी पार करून देणाऱ्या दलालाला द्यायला तिघांचे पैसे पुरत नव्हते हे खरं असलं तरी.

आता तुला सगळं माहीत आहे. लालांनाही. निकाल पोस्टानं येईल म्हणाले.

करीमदाद


२८ नोव्हेंबर २०००

लैलुमाच्या आईस,

मंजूर झालं. मला राहू देताहेत.

इंजिनीअर साहेब सकाळीच धापा टाकत आले, पायात दोन वेगळे मोजे. जिन्यातूनच ओरडले, "खलिफा, तू लग्न झालेला माणूस आहेस!" बराकीत सगळे हसायला लागले. कुर्दानं मला उचलून धरलं. निकालात लिहिलंय की ज्या माणसानं स्वतःच्या फायद्याची गोष्ट स्वतःहून मोडली, त्याचं बाकीचं बोलणं खोटं मानायला जागा नाही. त्याच कागदावर तू आहेस, नावानिशी, आणि खाली लैलुमा. इंजिनीअर साहेबांना म्हटलं, तेवढी ओळ पुन्हा वाचा. त्यांनी पाच वेळा वाचली.

आता तुम्हा दोघींना बोलावण्याचा फॉर्म आहे. वकीलबाईंच्या मदतीनं मी सगळा भरलाय, खाली तुझी सही तेवढी हवी. मग तुला इस्लामाबादला त्यांच्या दूतावासात जावं लागेल. तिथं ते तुला विचारतील, नवऱ्याचं नाव काय? मी केलं तसं करू नकोस.

पण खरं तर मला वेगळंच विचारायचंय. ये, असा हुकूम देत नाही. तो हक्क माझ्याकडं उरलेला नाही. नवव्या दिवसाचं कळल्यावर तुला यावंसं वाटतं का? नाही म्हणालीस तर मला समजेल. तरी फॉर्म ठेवून घे, लैलुमाच्या कामी येईल. येणार असलीस तर गावात एका पावाच्या भट्टीत मला पहाटेचं काम मिळतंय, दोन खोल्या बघून ठेवीन.

उत्तराची वाट बघतो.

करीमदाद


पेशावर, १० जानेवारी २००१

लैलुमाच्या बाबांना,

सप्टेंबरचं पत्र लालांनी दुकानातच फोडलं. संध्याकाळी मला आणून दिलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, जेवलेही नाहीत. नोव्हेंबरचं पत्र आलं ते त्यांनी न फोडता माझ्या हातात दिलं. दाराचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, "त्याला म्हणावं, दार उघडंच आहे."

नवव्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलंत. मी दोन दिवस ते पत्र ओढणीत बांधून फिरले. मग रडले. मग मला तुमचा राग आला, पण तुम्हाला वाटतो त्यासाठी नाही. नखं ओढली जात असताना कुणीही तोंड उघडेल. मीही उघडलं असतं, आणि मला तर नावं घ्यायची सवय आहे, तेवीसच्या तेवीस मुलींची घडाघडा सांगून टाकली असती. माफ करण्यासारखं त्यात काही नाही. राग ह्याचा आहे की चार महिने आपण एकाच खोलीत राहिलो, मी तुमच्या बोटांना मलम लावत होते, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. तेव्हा सांगितलं असतंत तर मी सकाळी दारात आले असते. दारात कशाला, गाडीपर्यंत आले असते.

तुम्ही खरं सगळं सांगितलंत, माझ्या शब्दाखातर. केस हातची जाईल हे दिसत असताना सांगितलंत. ते मी पुन्हा पुन्हा वाचते.

येणार आहे. पण लगेच नाही. तुम्हाला कळवलं नव्हतं, इथं लालांच्या गच्चीवर मी पुन्हा वर्ग सुरू केलाय. एकतीस मुली आहेत. इथं लपून यावं लागत नाही, तरी कणकेची फळी घेऊन येतात दोघीतिघी, खालच्या तंदुरावर जाता जाता. मार्चमध्ये परीक्षा आहे. ती झाल्याशिवाय आणि वर्ग दुसऱ्या कुणाच्या हाती दिल्याशिवाय मी निघणार नाही. तोवर खोल्या बघा. एक जरा मोठी बघा.

लैलुमा आता तिसरीचं वाचते. बाबा इथं असते तर त्यांना शिकवलं असतं, असं म्हणते. मी म्हटलं, शिकवशील.

तुमचा फॉर्म परत पाठवते आहे. रागावू नका. तुम्ही त्यात चार ठिकाणी माझं नाव घातलंय, चांगल्या मनानं घातलंय, हे कळलं. पण मला कोरा फॉर्म पाठवा. माझं नाव मी लिहीन.

हुमैरा